तिसरी तक्रार

आता चालेल का, असं निकानोरने अंगठा वर करून विचारलं. आपल्या घरात बसलेल्या म्हाताऱ्या दोन्या एतेल्विनाने पुन्हा नकारार्थी मान हलवली. त्याने मोबाइलवरून आवाज आणखी थोडा उतरवला.

रस्त्यापलीकडे त्याचा पिको उभा होता: रंगीबेरंगी चित्रं काढलेले पुरुषभर उंचीचे स्पीकर. गाणं नव्हतंच. मोजमापासाठी लावतात तो एकसुरी चरचराट चालू होता, कढईत काही तळत असावं तसा.

गेल्या वर्षी बाप वारला म्हणून निकानोर माराकाइबोहून बारांकियाला परतला आणि आल्याबरोबर त्याने पिकोचा आवाज नियमात बसवला. तरी म्हातारीची तक्रार आली. त्याने कमी केला. दुसरी आली. आणखी कमी केला. आता तिसरी. आज तक्रार मिटल्याची तिची सही मिळाली नाही, तर बापाच्या पिकोला ऐन कार्निव्हलात सील लागणार होतं.

पालिकेचा इन्स्पेक्टर ओस्पिनो तिच्याच ताटातले कारिमान्योला नावाचे तळलेले वडे हादडत होता. तेलकट बोटांनी मीटर धरून, ढेकर देत म्हणाला, "अठ्ठावन्न डेसिबल. एवढा तर माझा पंखा करतो."

निकानोरला किळस आली. तक्रार वाचलीत का, त्याने विचारलं. पिकोच्या तक्रारीत वाचायचं काय, ओस्पिनो म्हणाला. शिक्का मारायचा आणि निघायचं.

पण त्याहून जास्त किळस त्याला म्हातारीची येत होती. कोपऱ्यात टीव्ही चालू होता, त्याचाही आवाज बंद. ती भिंतीवर तळहात टेकवून बसली होती. असल्यांना शेजाऱ्याचं हसूही खुपतं, त्याला वाटलं.

त्याने आणखी उतरवला. नाही. आणखी उतरवला. नाही. शेवटी वैतागून बंदच केला. गल्लीतलं कुत्रं ऐकू यायला लागलं.

म्हातारीचे डोळे भरून आले.

निकानोर तिच्यासमोर उकिडवा बसला. "आजी, सगळं बंद केलं. आता अजून काय करू?"

ती त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती. मग बोलली, फार मोठ्याने, शब्द वेडेवाकडे.

"तुझा बाप वाजवायचा, तेव्हा थरथर इथपर्यंत यायची." भिंतीवरचा तळहात काढून तिने दुसऱ्या हाताने त्याच हाताच्या खांद्याला बोट लावलं. "मग मी नाचायचे. तीनदा तक्रार लिहिली, आवाज वाढव म्हणून."