आडवी चाल

गुंडप्पानं माळेगावच्या जत्रेतून आणलेल्या घोडीला मी पुस्तकं वाचून शिकवलं. आधी ओंडक्यावरून उडी, मग आडवी चाल: स्वारानं डावी टाच दाबली, की दाब सुटेपर्यंत उजवीकडे सरकत राहायचं. तिच्यावर बसून गुंडप्पाचा मुलगा संगमेश नवरदेव होऊन मारुतीच्या दर्शनाला निघाला. लगाम धरणारा नाचत होता. बिनकठड्याच्या पुलावर फटाके फुटले. भेदरलेल्या संगमेशनं डावी टाच घोडीच्या पोटात रुतवली. घोडी न दचकता, शिकवल्याप्रमाणं एकेक पाऊल उजवीकडे सरकू लागली. मी मागंच चालत होतो; ‘टाच काढ’ एवढंच ओरडायचं होतं. पण चारचौघांत ओरडावं का, आपलं चुकत तर नसेल, या विचारात पुलाची कड आली. दोघंही खडकावर कोसळली. संगमेशला माती देऊन परतताना गुंडप्पानंच माझी समजूत काढली: “गुरुजी, तुमी लई जीव लावून शिकवलं, पर घोडी बिथरलीच.” “हाव,” मी म्हणालो.