डावी चेन

“साडेतीनशे ग्रॅमचा फरक आहे, गोलनार जान. साडेतीनशे.” बेहरंगने दोन्ही स्लीपिंग बॅगा गिर्यारोहणाच्या दुकानातल्या काट्यावर तोलून पाहिल्या होत्या. आता त्यातली पातळ बॅग त्याने बायकोच्या मांडीवर ठेवली.

गोलनारने बॅगेला हात लावला नाही. समोरचा चहा निवून गेला होता, साखरेचा खडा बशीत तसाच पडला होता.

बेहरंगला वजनाचं वेड होतं. त्याने टूथब्रशचा दांडा अर्धा कापला होता, नकाशाच्या कडासुद्धा कातरल्या होत्या. तेही चाललं असतं. पण दोन महिन्यांपूर्वी सबलानच्या डोंगरावर धुकं उतरलं, तिचा गुडघा मुरगळला, आणि हा गृहस्थ ‘तू बस, मी आलोच’ म्हणून पुढच्या गटाबरोबर शिखरावर निघून गेला. तीन तास ती एका दगडाला टेकून बसली. हाका मारून घसा बसला. ओझं हलकं करायचं म्हणून त्याने सगळ्यात आधी तिलाच खाली ठेवलं होतं. आणि वरून गिर्यारोहकांच्या क्लबात सांगत सुटला, “तिची सॅक जड होती ना, म्हणून मागे पडली.”

तेव्हापासून ती एका शब्दाची वाट बघत होती. ‘चुकलं’, एवढाच. तो म्हणाला असता तर तिने सगळं गिळलं असतं, येत्या आठवड्यात दमावंदच्या शिखरावरही त्याच्या मागोमाग गेली असती. पण तेवढं सोडून तो बाकी सगळं बोलत होता.

दुकानदार यदुल्लाआगा जुना गिर्यारोहक. त्याने पातळ बॅग मुठीत दाबून सोडली. आतली पिसं हळूहळू फुगून वर आली.

“माल चोख आहे. पण खानम, ही शून्य अंशापर्यंतची. दमावंदच्या तळावर एकट्या माणसाला पुरायची नाही.”

“एकटी कशाला?” बेहरंग म्हणाला. “आम्ही दोन्ही बॅगा जोडणार. माझी जाड आहे. माझी ऊब तिला मिळेल.”

“मग एकीची चेन डावीकडे हवी, दुसरीची उजवीकडे. तरच जुळतात. उजव्या हाताच्या माणसाला डावी चेन सोयीची पडते. तुमच्यात डावखुरं कोण?”

“कोणीच नाही. मला डावी द्या. तिला उजवी चालेल, होईल सवय.” हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

गोलनारची कानशिलं तापली.

“तुझी ऊब मिळायला तू तिथे असायला हवास,” ती म्हणाली. “सबलानवर कुठे होतास?”

“आता परत तेच काढू नकोस. तू हळू चालतेस त्याला मी काय करू? म्हणून तर हलकी घेतोय ना?” मग तो दुकानदाराकडे वळून हसला. “बायका, आगा. एकच गोष्ट वर्षभर उगाळतील.”



गोलनारने बूट काढले. भिंतीवर बेहरंगच्या बॅगेसारखीच दुसरी जाड बॅग टांगलेली होती. तिने ती खाली ओढली, सतरंजीवर पसरली आणि आत शिरली. उजव्या हाताने चेन एका दमात हनुवटीपर्यंत ओढली. ती कुठेही अडकली नाही. क्षणभर ती डोळे मिटून पडून राहिली. 

“अगं, ती जड आहे,” बेहरंग म्हणाला.

“माझी मी वाहीन.”

यदुल्लाआगा खाली वाकला. “खानम, हिचीही चेन डावीच आहे,” तो हळूच म्हणाला. “दोन डाव्या एकमेकींना जोडता येत नाहीत.”

“ऐकलं मघाशी,” ती आतूनच म्हणाली. “मला एकटीला पुरेल अशीच हवी आहे.”