सासऱ्यांचा पूल

"रस्त्यातच हे लोखंडी झाकण कशाला?" पूल ओलांडून पलीकडच्या तोंडाशी थांबून बाबांनी विचारलं. बाबांनी जन्मभर कोकणात पूल बांधले. माझ्या सासरी, स्वित्झर्लंडला आल्याआल्या ते व्याह्यांनी बांधलेला पूल बघायला निघाले होते.

"खाली सुरुंग भरायची जागा आहे," सासरे म्हणाले. मी मराठीत सांगत होते. "आम्ही कुणावर चालून जात नाही, पण कुणी आलंच तर त्याला वाट मिळता कामा नये. इथे सैन्य म्हणजे आम्ही गावकरीच. हा पूल उडवायचं काम माझ्याकडे आहे."

"स्वतः बांधलेला पूल?" बाबा हबकले. त्यांनी दरीपलीकडे पाहिलं. तिकडे आमच्या अंगणात सासूबाई चादरी वाळत घालत होत्या. "अहो, पण तुमचं घर सरहद्दीच्या बाजूला आहे. ते शत्रूच्या हाती जाईल!"

"म्हणून तर हे काम मी मागून घेतलं. दुसरा कुणी असता, तर माझ्या घराकडे बघून त्याचा हात थांबला असता."

हे सांगताना मी अंगणातल्या चादरींकडे बघत होते.

घरी परतताना, पुलावर पाऊल टाकण्याआधी, बाबांनी वाकून त्याला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला.