मुठींची यादी

"एक शनवार चुकवला न्हाई, आप्पासाहेब. सात सालं झाली," बिस्मिल्ला ताठ मानेनं म्हणाली.

शाळेच्या पडवीत बसलेल्या बायांनी माना डोलावल्या. यंदाचा फंड कुणाला मिळणार ते ऐकायला बाहेर सगळं गाव जमलं होतं. शाळा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब, त्यांनी विचारलंच होतं तसं, "मूठ नेमानं टाकतीस ना?" तो प्रश्न ऐकून तिचा जीव भांड्यात पडला होता. नेमानं देणाऱ्या घराचा हक्क पहिला, म्हणूनच विचारत असणार, असं त्या भोळीला वाटलं.

मूठ म्हणजे बाजरीची मूठ. दर शनिवारी सकाळची शाळा सुटताना गावातल्या बाया पदराच्या गाठीला बाजरी बांधून यायच्या आणि पडवीतल्या रॉकेलच्या डब्यात टाकून जायच्या. भिमाजी मास्तर वहीत नावापुढे खूण करायचे. साल संपलं की ती बाजरी विकायची आणि सातवीत हुशार निघालेल्या एका गरजू पोराला संगमनेरच्या हायस्कुलात पाठवायचं, असा हा शाळेचा फंड. देणाऱ्या बायांची नावं गेरूनं भिंतीवर लिहिलेली होती. बिस्मिल्लाला अक्षर वाचता येत नव्हतं, पण तिसऱ्या ओळीतलं आपलं नाव तिला लांबूनही ओळखू यायचं.

यंदा तिचा दाऊद सातवीच्या परीक्षेत तालुक्यात पहिला आला होता. बाप जाऊन दोन वर्षं झालेली. बापाची कापूस पिंजायची धुनकी घरात खुंटीला टांगलेली होती. फंड मिळाला तर दाऊद संगमनेरला जाणार, नाही मिळाला तर उद्यापासून ती खांद्यावर घेऊन गावोगाव गाद्या पिंजत हिंडणार. मधला रस्ता नव्हता.

जूनचा उकाडा मी म्हणत होता. आप्पासाहेबांनी टोपी काढली, समोरच्या टेबलावर उताणी ठेवली आणि टक्कल पुसलं.

"झालं तर मग. फंड हाय गरजवंतांसाठी. जो दुसऱ्याला देतो तो गरजवंत कसा? मास्तर, दाऊदचा अर्ज बाद."

बिस्मिल्लाला आधी कळलंच नाही. तिच्याऐवजी शेजारची लंकाबाई उसळून उठली.

"अवो, कसली देनारी! लढाईच्या सालात घरात दाना नव्हता, तवा माझ्याकडनं उसनी नेऊन टाकलीया तिनं! फंड बुडाया नको म्हनून!"

"उसनी का हुईना, मिळत व्हती ना?" आप्पासाहेब शांतपणे म्हणाले. "मजी तिची पत हाय गावात. ज्याला पत हाय, तो गरीब न्हाई."

मास्तर खाली मान घालून वहीची पानं उलटत बसले. सात वर्षं त्या नावापुढे ज्या हातानं खूण केली, तो हात आता शाईच्या दौतीशी चाळा करत होता. सगळं माहीत असून माणूस गप्प बसतो, याची चीड बिस्मिल्लाला आप्पासाहेबांपेक्षाही जास्त आली.

"मग कुनाला देनार?" तिनं विचारलं.

"रंगनाथला. माझा पुतन्या म्हनून न्हाई बरं का. आमच्या वाटन्या झाल्यात, भावाची चूल येगळी हाय. भिंतीवरची यादी बघा. सात सालांत त्या घरातनं एक मूठ आलेली न्हाई. गरिबीला आनखी कसला पुरावा पायजे?"

पडवीत कुणीतरी फिस्सकन हसलं. भावाच्या घरात बाजरीच्या दोन कणग्या कायम भरलेल्या असत, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. रंगनाथची आई, गोजरबाई, हिचं डोकं मात्र दर शनिवारी न चुकता दुखायचं. आणि रंगनाथ? तो पहिल्या पाचांतही नव्हता.

आप्पासाहेबांनी रंगनाथचा अर्ज पुढे ओढला आणि सहीसाठी टाक उचलला.

बिस्मिल्ला उठली. आज शनिवारच होता आणि आजची मूठ अजून पदराच्या गाठीत होती. ती येताना पाहून मास्तरांनी सवयीनं डबा पुढे केला. तिनं डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती टेबलापाशी गेली, दातांनी गाठ सोडली आणि सगळी बाजरी आप्पासाहेबांच्या उताण्या टोपीत ओतली.

"हे काय चालवलंय?"

"अख्ख्या गावात तुमच्या भावाचंच घर तेवढं गरीब निघालं. तेवढी पोचती करा त्यास्नी," ती म्हणाली. तिची नजर खाली गेली नाही. "आन् मास्तर, ही मूठ लिवू नका. न्हाईतर पुढच्या साली पुन्हा म्हनाल, बिस्मिल्ला देनारी हाय."

तिच्यामागून लंकाबाई आली. तिनंही मूठ टोपीत ओतली. मग राहीबाई, मग रंगुबाई. भिंतीवर नावं होती त्या ओळीनं जणू बाया येत राहिल्या आणि एकही मूठ डब्यात पडली नाही. टोपी भरली, काठावरून बाजरी सांडली, टेबलावर पसरली. रंगनाथच्या अर्जावर सही करायची जागा बाजरीखाली दिसेनाशी झाली.

आप्पासाहेबांचा हात दोनदा टोपीकडे गेला आणि मागे आला. बाहेर सगळं गाव उभं होतं, आणि बोडक्या डोक्यानं ते आजवर कधी गावात फिरले नव्हते.