बोलता येईल इतकंच

"बोलता येईल इतक्याच वेगानं पळायचं. बोलणं तुटलं, की समज हृदयाचे ठोके झोन दोनच्या, म्हणजे दम न लागता पळायच्या टप्प्याच्या, वर गेले," असं पुन्हा बजावत, जर्मनीला जाताना ताईनं आपलं ठोके मोजणारं घड्याळ केतकीच्या मनगटावर बांधलं. तोवर दोघी मैदानाला फेऱ्या मारताना इतक्या बडबडायच्या, की माळीकाका म्हणायचे, "पळायला येता की गप्पा हाणायला?"

ताई गेल्यापासून केतकी गप्प पळायची. आज मात्र तिनं पळता पळताच फोन लावला.

"ताई, जिल्ह्याच्या संघात निवड झाली माझी!"

"अगं बये! आई नाचली असेल!"

"हो. पण तू इथे असतीस तर..." केतकीचं बोलणं तुटलं.

"दम लागला ना? हळू पळ, घोडे!"

तिनं घड्याळ बघितलं. ठोके एकशे अठ्ठावीस, झोन दोनच.

"हो गं ताई, दमच लागलाय," ती म्हणाली.