सुपातलं शेवाळ

१९४५ साल. लढाई संपली आणि उमाबाईचा मुलगा वीरभद्र आगबोटीवरची खलाशाची नोकरी सोडून जळकोटला परत आला. तीन दिवस झाले तरी उमाबाईनं त्याला स्वयंपाकघरात घेतलं नव्हतं. ताट ओसरीवर वाढायची आणि त्याच्या सदऱ्याच्या गळ्याकडं बघत बसायची. गुंड्या पार वरपर्यंत लावलेल्या. आत गळ्यात लिंग आहे की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"इचारा की, अक्का," धाकटी जाऊ गौराबाई कानाशी लागली. "लिंगायताचं पोर. बोटीवर त्याच्यासाठी कोण गव्हाची हुग्गी रांधत बसलं आसंल? मासळीच खाल्ली आसंल."

चौथ्या दिवशी वीरभद्र आंघोळीला गेला, तशी उमाबाईनं त्याची ट्रंक उघडली. तळाशी बाटली होती. नाक्यावर निजामाच्या शिपायांनी ती गांजा समजून हुंगली, शिंकत परत दिली, हे त्यानं हसत सांगितलं होतं. आत काय आहे, ते मात्र सांगितलं नव्हतं.

तिनं बाटली सुपात उपडी केली. तांबूस, वाळलेलं शेवाळ पडलं, मिरीएवढ्या पोकळ फुग्यांचं. त्यातून तुरीच्या डाळीएवढा खेकडा घरंगळला.

वीरभद्र ओलेता दारात उभा होता. गळ्यात लिंगाची डबी होती, खाऱ्या पाण्यानं काळी पडलेली.

"हे खाल्लंस तू?"

"व्हय." तो खाली बसला. "बोट बुडाली, आई. अकरा दिवस फळीवर होतो आमी. हे शेवाळ दर्यावर तरंगतं, मूळ न्हाय ह्याला. झाडलं की आतनं जीव पडायचे. खेकडं, कोळंब्या, नखाएवढे मासे. आख्खं गाव ऱ्हातंय ह्यात. तेच खाल्लं. दुसऱ्या बोटीनं आमाला वर काढलं तवा एवढं मुठीत ऱ्हायलं."

"गळ्यात लिंग आसताना?"

"काढून कुठं ठिऊ?" तो म्हणाला. "आन् त्याला निवद दाखवल्याबिगर म्या कवा खाल्लंय?"

दाराआडून ऐकणाऱ्या गौराबाईनं तोंडाला पदर लावला. उमाबाईनं शेवाळ परत बाटलीत भरलं. मग उठली.

"आत चल. भाकरी गार होतीया."

गौराबाईनं गोष्ट गावभर केली. वीरभद्राला मुलगी मिळायला पाच वर्षं लागली. तोवर निजामाचं राज्यही गेलं. पुढं येरमाळ्याला किराणा दुकान चालवत तो म्हातारा झाला. गौराबाईनं अखेरचं अंथरूण धरलं ते त्याच्याच घरी. उमाबाई एकसष्ट साली गेली. तोवर रोज जेवायच्या आधी ती आपल्या गळ्यातलं लिंग तळहातावर घ्यायची, ताट लिंगापुढं सरकवायची आणि हळूच म्हणायची, "आज भाकरी हाय, बाबा."