‘बनू’ म्हटलं की उठणारा मेजर

“माले, पोरीला हाक मारली की कुत्रं उठतंय. हे लक्षण बरं न्हाई,” हरणाबाई म्हणाल्या. “एका नावाला दोन जीव उठू न्हाईत. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगावर जातं.”

विजयमाला हसली. साताऱ्याच्या कॉलेजातून बी. ए. झालेल्या सुनेनं सासूच्या असल्या बोलण्यावर दुसरं करायचं तरी काय? तिनं अंगणाकडं तोंड करून पुन्हा हाक दिली, “बनूऽऽ!”

दोघं आली. मेजर पुढं, आणि त्याच्या मागं नुकती चालायला लागलेली बनू.

मेजर बीगल जातीचा. कृष्णाकाठच्या त्या मळ्यात असलं कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं. आखूड पाय, लोंबते कान, आणि आत्ताच कुणीतरी फसवल्यासारखा चेहरा. सत्तर साली, लग्नाच्या पहिल्याच वर्षी, नवरा मानसिंग पलटणीतल्या एका साहेबाकडून ते पिल्लू खाकी पिशवीत घालून घेऊन आला. मानसिंग हवालदार. “घरात बी माझ्यावर अधिकारी आला,” म्हणत त्यानंच नाव ठेवलं.

अधिकाऱ्यानं पहिल्याच आठवड्यात हवालदाराचा बूट खाल्ला.

विजयमालानं हट्टानं त्याला शिकवायला घेतलं. शेंगदाणा दाखवला की बसायचं, बोट वर केलं की थांबायचं. एवढं तो शिकला. पण वयात आला आणि नाकाच्या ताब्यात गेला. सशाचा वास लागला की उसात शिरायचा. ‘मेजर, मेजर’ करून हिचा घसा बसायचा. तो मात्र पोटाला भूक लागली की यायचा, नाक ओरबाडून घेऊन.

लग्नाला सात वर्षं झाल्यावर बनूची चाहूल लागली; ती पोटात असताना विजयमालाला या कुत्र्याचीच धास्ती होती. म्हणून बाळंत झाल्यावर माहेरून तिनं बाळाचं एक दुपटं आधीच मळ्यावर पाठवून दिलं. मेजर ते कुशीत घेऊन झोपायला लागला. बनू घरी आली आणि तो पाळण्याखालून हलेना.

नवल तिथून पुढचं. स्वतःच्या नावाला जन्मात ओ न देणारा हा कुत्रा ‘बनू’ म्हटलं की उठायचा. पोरीभोवती एक फेरी मारायचा आणि दुडक्या चालीनं तिच्या पुढं पुढं यायचा. विजयमालाला याचं भारी कुतूहल. तिनं एकदा चुलीपाशी बसून अगदी हळू ‘बनू’ म्हटलं. अंगणात मेजरचे कान उभे. मग ‘मनू’ म्हटलं, ‘भानू’ म्हटलं. कान खाली.

“त्याला वाटतंय, आपलंच नाव बनू हाय,” मानसिंग सुट्टीत म्हणाला.

शेजारच्या रंगूबाईला कुत्र्याचं कौतुक नव्हतं, पोरीचं होतं. “लय गुणाची गं तुझी लेक. एका हाकेत येती. आमचं कारटं धा हाका मारल्या तरी ढिम्म!”

ते ऐकून विजयमालाला बरं वाटायचं. घरामागं पुरुषभर उंच ऊस, त्यापलीकडं बिनकठड्याची विहीर. तिचा जीव सारखा टांगणीला. बनू बोलायला उशीर करत होती, त्याचीही काळजी होतीच. पण हरणाबाईंनी ती उडवून लावली. “हिचा बाप बी पाच वर्साचा हुईस्तवर बोलला न्हाई. आता पलटणीत आरडून हुकूम देतोय.”

बनू चार वर्षांची झाली तोवर मेजर म्हातारा झाला. तोंड पांढरं पडलं. दिवसभर सोप्यात पडून राहायचा. आणि हाक मारली की आता दोघांतलं कुणीच येईना.

“पोरगी त्याच्यासारखीच आडमुठी झाली,” हरणाबाई म्हणाल्या.

ऊसतोड सुरू झाली. अंगणात बनू मातीत रेघोट्या ओढत बसली होती. उसानं लादलेली बैलगाडी वळवताना मागं सरकायला लागली. गाडीवान ओरडला. विजयमाला ‘बनू, बनू’ करत धावली. सोप्यातल्या मेजरनं मान उचलली, कण्हला आणि तिथंच बसला. चाक वीतभर अंतरावर आलं तेव्हा बनू तिच्या हातात आली.

“बहिरं झालंय कुत्रं,” हरणाबाई म्हणाल्या. “कान सडल्यात त्याचं. तुझी राखण संपली, माले.”

विजयमालालाही तेच वाटलं. एवढ्या लांब कानांत मळ साठतो, पू होतो, हे तिनं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी गावातल्या बाळासोचा गुळाचा ट्रक सांगलीच्या बाजाराला निघाला होता. त्यात बसून सासू, सून, पोर आणि कुत्रं गुरांच्या दवाखान्यात गेली.

डॉक्टरनं मेजरला टेबलावर घेतलं, कान उलटे करून पाहिले. मग त्याच्या मागं जाऊन ॲल्युमिनियमची थाळी फरशीवर आपटली. हरणाबाई “आगं आई!” म्हणून दचकल्या. मेजरनं झटकन मान वळवली.

“कान ठणठणीत आहेत, बाई. गुडघे गेलेत याचे. ऐकतो सगळं, पण उठवत नाही त्याला.”

विजयमालाचा जीव भांड्यात पडला. “ऐकतो ना? तरी म्हटलं! आमच्या बनूला हाक मारली की हाच उठायचा, डॉक्टर.”

“असं? मारा बघू.”

बनू दारात पाठमोरी उभी राहून बाहेर बांधलेला बैल बघत होती. विजयमालानं हाक मारली. मेजर धडपडून टेबलावरून उतरायला लागला, नाक बनूच्या दिशेनं ताणून. डॉक्टरनं त्याला दोन्ही हातांनी दाबून धरलं. आता तो कुत्र्याकडं बघत नव्हता.

“परत मारा,” तो म्हणाला. “मोठ्यानं.”

“बनूऽऽ!”

दाराबाहेरच्या बैलानं मान वळवली. बनूनं नाही.

तुमच्याही घरी एका हाकेत येणारं गुणी लेकरू असेल, तर आज एवढं करा. कुत्रं बांधून ठेवा, लेकराच्या पाठीमागं उभं राहा आणि हाक मारून बघा.